लाल पेटीतला खांदा

माझा खांदा कामातून गेलाय हे माझ्याआधी शेवटच्या बाकावरच्या मुलांना कळलं.

मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवते. फळ्याच्या मधोमध एक आडवी रेघ मारायची, वस्तू समोरून कशी दिसते ते तिच्या वर काढायचं आणि वरून कशी दिसते ते खाली. बरीच वर्षं हेच करतेय. त्या दिवशी वळून पाहिलं तर मागच्या दोन बाकांवरची मुलं उभी होती. मला वाटलं, पळायच्या तयारीत आहेत. माझा राग नाकावर असतो हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मी नुसतं "बसा" म्हटलं तरी पुढचे दोन बाक दचकले. तेवढ्यात मागची एक मुलगी म्हणाली की मॅडम, खालची आकृती दिसत नाही, पुढच्यांची डोकी येतात.

मी फळ्याकडे पाहिलं. मधली रेघ मध्ये नव्हतीच. ती चांगली हातभर खाली उतरली होती. वरचा अर्धा फळा स्वच्छ, कोरा, कित्येक दिवसांत खडू न लागलेला. म्हणजे मी गेले काही महिने थोडी थोडी खाली सरकत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी तिथल्या तिथे हात उचलून वरची चौकटीची रेघ मारायला गेले. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. मी उरलेला तास तोंडी शिकवला, आणि ड्रॉइंग तोंडी शिकवणं म्हणजे काय ते शिकवणाऱ्यालाच माहीत.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, प्रोजेक्टर वापरा. पण स्लाइडवर रेघ आधीच मारलेली असते. ती कुठून सुरू झाली, हात कुठे थांबला, कुठली रेघ पुसून पुन्हा काढावी लागली, यातलं काही दिसत नाही. मुलं त्यातूनच शिकतात, तयार चित्रातून नाही. आमच्या विभागप्रमुख सरांनी मात्र काळजीने सुचवलं की जूनपासून हा विषय दुसऱ्या कुणाला देऊ आणि तुम्ही परीक्षा विभाग सांभाळा, बसून काम आहे. माणूस मनाचा चांगला. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी भाजीचं पातेलं एवढं आपटलं की नवरा विचारायला आला. मी त्याला सांगितलं की मला फळा परत हवाय, वरच्या काठापर्यंतचा.

दुखणं मुळात दिवाळीच्या आधीचं. माळ्यावरून फराळाचे मोठे डबे काढताना खांद्यात कट्कन काहीतरी झालं होतं. तेव्हा मी दुर्लक्ष केलं, आणि नंतर सोसायटीतल्या बायकांनी मला लक्ष द्यायची गरजच ठेवली नाही. हा फ्रोझन शोल्डर आहे, आखडतो आणि आपोआप सुटतो, यावर आमच्या अख्ख्या विंगचं एकमत होतं. कुणी तेल दिलं, कुणी माझ्या जावेचं बघा म्हणून जावेचा फोन नंबर दिला. रावेतमध्ये आमच्या घराजवळच्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे मी दोनेक महिने जात होते. शेवटी तिनेच सांगितलं की मॅडम, मी तुमचा हात उचलला तर तो पूर्ण वर जातो, तुम्ही उचलला तर जात नाही. आखडलेला खांदा कुणीही उचलला तरी जात नाही. तुमचं वेगळं आहे, एमआरआय करून घ्या.

रिपोर्ट आला तो डोक्यावरून गेला. मग मी माझ्या पद्धतीने तो समजून घेतला. कागद घेतला आणि खांदा समोरून, बाजूने, वरून असा काढला. उथळ बशीत मोसंबं ठेवावं तसा दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या खोबणीत असतो. बशी उथळ, म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि उथळ म्हणूनच त्याला धरून ठेवायला चारी बाजूंनी स्नायूंचे पट्टे लागतात. त्यातला वरचा पट्टा माझ्या बाबतीत हाडापासून सुटला होता आणि रबर तुटल्यावर आत जातं तसा मागे सरकला होता. स्नायू शाबूत, हाड शाबूत, फक्त दोघांची गाठ सुटलेली. चित्र पूर्ण झाल्यावर मला बरं वाटलं. काय बिघडलंय ते दिसलं की माझी निम्मी भीती जाते.

उपाय म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन, असं सगळीकडे वाचलं. दोन-तीन बारीक भोकं पाडायची. एकातून पेनाच्या रिफिलपेक्षा थोडी जाड नळी आत घालायची, तिच्या टोकाला कॅमेरा. आत सलाईन सोडून जागा करायची. दुसऱ्या भोकातून हत्यारं. हाडात छोट्या खुंट्या बसवायच्या, खुंट्यांना दोरे, आणि दोऱ्यांनी पट्टा ओढून जागेवर बांधायचा. टाके दोन-तीनच. हे ऐकून नवरा खूश झाला. तो चाकणच्या एका कंपनीत आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांची तपासणी करतो. त्याच्या हिशेबाने हे बेअरिंग बदलण्यासारखं होतं. छोटं भोक, छोटं काम, मे महिन्याच्या सुट्टीत उरकून टाकू, जूनमध्ये तू फळ्यावर. मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

सर्जन शोधायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, आणि इथे मला त्याच्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. कुठल्याही कारखान्यात तपासणीला गेला की चहा, केबिन, भिंतीवरची सर्टिफिकेटं हे सगळं बाजूला ठेवून तो आधी लाल पेटी बघायला जातो. बिघडलेला, नापास झालेला माल टाकायची पेटी लाल रंगाची असते. ती रिकामी, पुसून ठेवलेली दिसली की याच्या कपाळावर आठी. माल कधीच बिघडत नाही असा कारखाना त्याने अजून पाहिलेला नाही. म्हणजे एक तर हे लोक तपासत नाहीत, नाही तर लपवतात. पेटीत माल असेल आणि प्रत्येक तुकड्यावर काय चुकलं त्याची चिठ्ठी असेल तर हा खूश. लग्नानंतर त्याने आमच्या स्वयंपाकघरातही हे करून पाहिलं होतं, करपलेल्या पोळ्या कुठे टाकतेस म्हणून. एकदाच विचारलं.

आम्ही तीन सर्जन पाहिले. पहिले एका मोठ्या चकचकीत हॉस्पिटलातले, खाली लॉबीत कॉफीचं दुकान. फारच गोड माणूस. जूनमध्ये फळ्यावर, शंभर टक्के, म्हणाले. नवऱ्याने विचारलं की तुमची कुठली ऑपरेशनं फसली आणि का? ते हसले आणि आमच्याकडे असं होत नाही म्हणाले. मला ते अतिशय आवडले. नवऱ्याच्या कपाळावर मात्र ती आठी आली, मी ती ओळखते. दुसऱ्यांना तोच प्रश्न विचारला तर ते रागावले, इंटरनेटवर वाचून आलात का म्हणाले, आणि आम्ही लिफ्टपर्यंत पोचायच्या आत पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तिसरे चिंचवडच्या एका जुन्या इमारतीत बसतात. नवऱ्याने प्रश्न विचारला तेव्हा मी टेबलाखालून त्याला पाय मारला. पण या डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि फसणं म्हणजे नक्की काय म्हणताय ते विचारलं. बांधलेला पट्टा पुन्हा सुटणं असं असेल तर होतं, म्हणाले, माझ्याकडेही झालंय. मग एकेक सांगत गेले. एकाने बरं वाटतंय म्हणून हाताची झोळी लवकर काढली आणि स्कूटर काढली. एका बाईंनी सांगितलेलं सगळं तंतोतंत केलं, तरी पट्टा धरला नाही, कारण तो आधीच विरलेला होता. भोकं छोटी म्हणून काम छोटं असं धरू नका, हे त्यांनी नवऱ्याकडे बघत सांगितलं. बाहेरची जखम लहान, एवढाच फायदा. आतलं काम खांदा उघडून करतात तेवढंच आणि भरून यायचा काळही तेवढाच. जून विसरा.

मी चिडून विचारलं, मग तुम्ही नेमकं करणार काय?

"मी पट्टा हाडापर्यंत आणून बांधून देईन," ते म्हणाले. "तो हाडाला धरायचं काम मी करत नाही. ते तुमचं शरीर करतं. तुमचं दुखणं जाईल असं मला बऱ्यापैकी वाटतंय. फळ्याचं वचन मी देत नाही."

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "याची पेटी रिकामी नाही. हाच." मला त्या पहिल्या गोड माणसाकडे जायचं होतं, ज्याने जून म्हटलं होतं. घरी पोचेपर्यंत भांडले. पण चाकणच्या त्या लाल पेट्यांनी आमचं घर चाललंय, आणि नवऱ्याचा अंदाज सहसा चुकत नाही, हे मला भांडतानाही ठाऊक होतं.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. खांद्यावर तीन खुणा राहिल्या, डास चावल्यासारख्या. बघायला आलेल्या बायका म्हणायच्या, एवढंच? आणि मग काखेत उशी लावून बांधलेल्या माझ्या हाताकडे संशयाने बघायच्या. दीड महिना तो हात असाच होता. नवऱ्याने पोळ्या केल्या, त्या कुठल्या पेटीत गेल्या असत्या ते मी त्याला ऐकवलं. पण खरा त्रास केसांचा. माझे केस अजून कमरेपर्यंत आहेत आणि मी रोज अंबाडा घालते. त्याने प्रयत्न केला. केस हातात धरून म्हणाला की हे गाडीच्या वायरिंगपेक्षा अवघड आहे, तिथे निदान प्रत्येक तारेचा रंग वेगळा असतो. अंबाडा कधी कानावर यायचा, कधी मानेवर. मी आरशात बघणंच सोडून दिलं.

कॉलेज सुरू झाल्यावर मी प्रॅक्टिकल घेऊ लागले. वर्गाचा तास दुसरा कुणी घेत होता, प्रोजेक्टरवर. घरी व्यायाम चालू होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायचं. जिथे पोचेन तिथे मी पेन्सिलने बारीक आडवी रेघ मारायची. रेघा चढत गेल्या. स्विचबोर्डाच्या वर गेल्या, कॅलेंडरच्या खिळ्याजवळ आल्या. मी विंगमध्ये सगळ्यांना भिंत दाखवली. आणि मग एके दिवशी रेघ आदल्या रेघेवरच पडली. पुढचे कितीतरी दिवस ती तिथेच पडत राहिली आणि काळी, जाड होत गेली.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि सरळ सांगितलं. पुढचा भाग चांगला धरलाय. मागचा थोडा भाग धरलेला नाही. पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण त्यातून फार काही हाती लागेल असं वाटत नाही, म्हणून सुचवणार नाही. हात आता आहे तेवढाच राहील.

मी म्हणाले, "म्हणजे मी तुमच्या लाल पेटीत गेले."

त्यांना ते कळलं नाही. नवऱ्याने खाली बघत समजावून सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा स्क्रीनकडे पाहिलं. "हो," म्हणाले, "तसंच म्हणावं लागेल." मग त्यांनी विचारलं, नाव न घेता पुढच्या पेशंटना तुमच्याबद्दल सांगितलं तर चालेल का? मी म्हटलं, काय वाट्टेल ते सांगा, आणि पर्स उचलून बाहेर आले.

गाडीत मला रडू आलं. दुखत काहीच नव्हतं, दुखणं केव्हाच गेलं होतं. मला माझा फळा हवा होता. रावेतला पोचल्यावर नवरा पार्किंगमध्ये गाडी बंद करून म्हणाला, "निवड माझी होती." त्याचा चेहरा बघून माझा सगळा राग उतरला. मी त्याला म्हटलं की त्या गोड माणसाकडेही हेच झालं असतं, फक्त त्याने मला सांगितलं नसतं, आणि मी जन्मभर व्यायाम कमी पडला म्हणून स्वतःला कोसत भिंत चढत राहिले असते. हे मी त्याची समजूत घालायला बोलले होते. पण बोलल्यावर ते मलाही खरं वाटलं.

खंडेनवमीला नवऱ्याच्या कंपनीत यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी तो लवकर घरी येतो. यावेळी आला तो डिकीतून एक लाकडी चौथरा घेऊन. कारखान्यात माल ज्यांवर रचून येतो त्या फळ्यांच्या लाकडाचा, रंधा मारून गुळगुळीत केलेला, खाली रबर, आणि काठाला कारखान्यात असते तशी पिवळी-काळी पट्टी, म्हणजे पाय चुकू नये. वीतभर उंच. त्यावर कोपऱ्यात हळदकुंकू लावलं होतं. फळ्यासमोर ठेव, म्हणाला. मला राग आला. फळ्यापर्यंत माझा हात पोचायला हवा होता, मला उचलून तिथे ठेवायचं नव्हतं. मी तो चौथरा गॅलरीत ठेवला आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. तुळशीला ऊन चांगलं मिळायला लागलं, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे.

दिवाळीनंतर शेवटची तपासणी होती. मी बाहेर बाकावर बसले होते, आतलं दार पूर्ण लागलेलं नव्हतं. डॉक्टरांचा आवाज आला. एक शिक्षिका आहेत, म्हणत होते, मी ऑपरेशन केलं, त्यांनी सगळं व्यवस्थित पाळलं, तरी थोडा भाग धरला नाही. हात पूर्ण वर जात नाही. तुमचंही तसं होऊ शकतं, ते धरून मग ठरवा.

माझ्याबद्दल माझ्यामागे बोललेलं मला खपत नाही, खरं असलं तरी. मी उठले, दारावर टकटक केलं आणि आत जाऊन म्हणाले, "ती मीच."

डॉक्टर गडबडले. समोर माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या, डाव्या हाताने उजवा हात धरून. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ताई, कुठवर जातो हात?"

मी दाखवला. कपाळाच्या थोडा वर जाऊन तो थांबला.

"दुखतंय का?"

"नाही. अजिबात नाही."

"केस बांधता येतात?"

असं कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. येतात, मी म्हणाले.

त्या बाई डॉक्टरांकडे वळल्या. "मग करू आपण," म्हणाल्या. आणि मला, जरा हळू आवाजात, "माझे केस सून बांधती. पोरगी चांगली हाय, पण सकाळी तिला कामावर जायची घाई असती. मला एवढा हात पुरतो."

माझा हात आपोआप मागे अंबाड्यावर गेला. तो त्या सकाळी मीच घातला होता. आदल्या दिवशीही मीच, त्याच्या आदल्या दिवशीही. नवऱ्याच्या हातातून तो माझ्या हातात कधी परत आला ते मला आठवेना. भिंतीवरची रेघ कुठे अडली ते मी रोज पाहत होते, आणि हे एकदाही पाहिलं नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं की माझ्याबद्दल सांगत जा, पण केसांचंही सांगत जा. ते हसले आणि माझी फाइल उघडली.

घरी आल्यावर मी तुळस खाली उतरवली आणि चौथरा पुसून घेतला. नवऱ्याने पाहिलं आणि सकाळी तो उचलून गाडीत ठेवला. विभागप्रमुख सरांना मी सांगितलं की आजचा तास मी घेणार, प्रोजेक्टर बंद ठेवा. वर्गात चौथरा फळ्यासमोर ठेवला तेव्हा पिवळी-काळी पट्टी बघून दोन-तीन जण हसले. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेवढं पुरलं.

मी वर चढले. वरच्या काठाला लागून चौकटीची रेघ मारली, डावीकडून उजवीकडे, एका दमात. मग फळ्याच्या बरोबर मध्ये ती आडवी रेघ. वरची आकृती वर, खालची खाली. काढून झाल्यावर वळून मागच्या बाकांकडे पाहिलं. सगळे बसूनच उतरवून घेत होते.